तहान नसलेला काफिला

विषय : विसावे गावच्या वेशीबाहेर बसलेल्या घोरपडीस गावात परत घेण्याबाबत.
संदर्भ : सदर घोरपडीचा तोंडी अर्ज, आणि त्यानंतरची तिची तोंडी स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी बालवाचकांच्या माहितीसाठी निवेदन असे की, एका वाळवंटात एक गाव होते आणि त्या गावाच्या वेशीत एक घोरपड राहत असे.

गावाचे नाव विसावे. चारी बाजूंना वाळू, मधोमध एक विहीर, विहिरीशेजारी एक जुने शमीचे झाड आणि झाडाला टांगलेली एक घंटा, एवढीच गावाची इस्टेट. तिथे काही पिकत नव्हते. पण पूर्वेकडून पश्चिमेच्या बाजारांना जाणारा उंटांचा प्रत्येक काफिला तिथे थांबे, कारण थांबायला दुसरी जागाच नव्हती. काफिला पहाटे येई, दिवसभर सावलीत पडून राही आणि दिवस मावळताना घंटा झाली की गारव्याला पुढे निघे. जाताना धान्य, खजूर, मीठ ठेवून जाई. अशा रीतीने विसाव्याची मंडळी कुठेही न जाता जगभरचे खात होती आणि त्याबद्दल स्वतःला उद्योगी समजत होती.

विहीर एकच असल्यामुळे गावाने काही रिवाज पाडले होते. आलेल्याला आधी पाणी द्यायचे. पाणी पिऊन होईपर्यंत नाव, गाव, काही विचारायचे नाही. ज्याला गावाने हाताने दिले, मग ते पाणी असो की जेवण, तो पाहुणा. आणि पाहुण्याने घंटा झाली की निघायचे. मग तो कितीही गोड बोलणारा असो. नाहीतर आलेला प्रत्येक जण सावली बघून तिथेच राहता आणि विहीर कधीच आटली असती.

याच रिवाजाची दुसरी बाजू अशी की, गावातल्या गावात कोणी कोणाला वाढत नसे. घरात आई पातेले मध्ये ठेवी, ज्याने त्याने आपले आपण घ्यायचे. लग्नातसुद्धा वर आणि वधू आपापले ताट घेऊन चुलीपाशी जात. तापाने फणफणलेला म्हातारा ससाही सरपटत रांजणापाशी जाऊन स्वतः पाणी पिई. "घे रे थोडे आणखी" असे म्हणायचे ते फक्त परक्यांना. जन्मभर दुसऱ्यांना आग्रह करणाऱ्या या गावात कोणाला कधी आग्रह झालेला नव्हता. ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. पुढे आली.

घोरपडीकडे वेशीचे काम होते. वेशीच्या आत, उंबऱ्याला लागून एक रांजण होता. त्यातले पाणी मातीच्या परळात ओतायचे आणि येणाऱ्यापुढे धरायचे. घोरपड दगडाला एकदा चिकटली की ओढून निघत नाही, हे सर्वांना माहीत आहे. गावाने तिला वेशीवर नेमले ते याच गुणासाठी. पुढे याच गुणाचा नेमणाऱ्यांना त्रास झाला, हे अशा नेमणुकांत नेहमीचेच आहे.

त्या वर्षी घोरपडीची अंडी वेशीच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, पायाशी, उबदार वाळूत पुरलेली होती. आधीच्या खेपेला तिने ती बाहेर टेकाडावर पुरली होती. वादळ आले, वाळू उडाली, अंडी उन्हात उघडी पडली. तिने जाऊन पाहिले तेव्हा नुसती टरफले उरली होती. म्हणून या खेपेला भिंतीच्या आत. कामावरून उठता येत नसे. पण बसल्या जागी ती भिंतीच्या दगडावर पोट टेकून असे आणि दगडातून वाळूचा, वाळूतून अंड्यांचा अंदाज घेत असे. तिला एवढेच हवे होते. ती फुटतील तेव्हा आपण जवळ असावे.

एके दिवशी भर दुपारी एक काफिला आला.

मुलांनो, वाळवंटात भर दुपारी कोणी चालत नाही. विंचूसुद्धा नाही. शिवाय हा काफिला पूर्वेकडून आला नाही की पश्चिमेकडून. उत्तरेला खारे रण होते, जिथे वाट नाही, पाणी नाही, साधे खुरटे झुडूप नाही. तिकडून तो आला. घोरपडीला आधी वाटले, मृगजळ आहे. मग ते जवळ येऊ लागले. मृगजळ जवळ येत नाही.

पुढे एक म्हातारी सांडणी होती. तिच्या गळ्यातली घंटा चालताना हलत होती, पण वाजत नव्हती. तिच्यामागे उंट नव्हते. मागे एक शेळी होती. एक गाढव होते, एक कोल्हा, काही ससे, एक कुत्री. काफिल्यात कोणी शेळीला कशाला आणील? तीही पाठीवर ओझे नसलेली, तोंडात लाकडी डाव धरलेली? आणि रांगेच्या अगदी शेवटी एक घोरपड होती. तिच्या पाठीचे खवले उन्हाने पांढुरके पडले होते. बाकी सगळे वेशीकडे बघत होते. ती मात्र वेशीलगतच्या त्या गुळगुळीत दगडाकडे बघत होती, ज्यावर आपली घोरपड बसलेली होती.

घोरपडीने परळ भरला आणि पुढे धरला. "आधी पाणी घ्या, मग बोलू."

"राहू दे गं बाई," सांडणी म्हणाली. आवाज फार मऊ होता. "आम्हाला तहान नाही."

"रणातून आलात आणि तहान नाही?"

"नाही. पूर्वी होती."

घोरपडीने परळ शेळीपुढे धरला, गाढवापुढे धरला, रांगेने सगळ्यांपुढे धरला. प्रत्येकाने मान हलवली. एरवी परळ बाहेर काढला की माश्या घोंघावत येत. त्या दिवशी त्या त्यांच्या आसपास फिरकल्या नाहीत. घोरपडीला विचारायचे होते, 'तुम्ही कोण? कुठून आलात?' पण पाणी पिण्यापूर्वी विचारायचे नाही हा रिवाज. आणि पाणी तर ते पीत नव्हते. म्हणजे विचारता येत नव्हते. आणि विचारता येत नाही म्हणून अडवायला कारणही नव्हते. ती परळ हातात धरून उभी राहिली आणि काफिला तिच्या शेजारून, एकही शब्द न बोलता, आत गेला. रांगेच्या शेवटची ती घोरपड जाता जाता क्षणभर थांबली, तिने भिंतीच्या पायाशी असलेली वाळू हुंगली आणि पुढे गेली.

आपली घोरपड वेस कोणाच्या तरी भरवशावर टाकून आयुष्यात पहिल्यांदाच धावत सुटली. ती विसाव्याच्या कोल्ह्याकडे गेली. कोल्हा गावचा पंच होता. त्याला कोणी निवडलेले नव्हते, पण त्यानेही कधी नकार दिला नव्हता.

"पंच, ते पाणी पीत नाहीत."

"कोण?"

"आलेत ते."

कोल्ह्याने एक डोळा उघडला. "न पिणारे पाहुणे? अगं, मग असेच यावेत. विहिरीचा खर्च वाचला."

"पण प्यायल्याशिवाय त्यांना विचारणार कसं?"

"नको विचारूस."

"आणि घंटा झाली तर? ते जातील का?"

"पाहुणे असतील तर जातील."

"पण आपण त्यांना काही दिलंच नाही. मग ते पाहुणे कसे?"

कोल्ह्याने दुसराही डोळा उघडला. हा मुद्दा त्याला सुचलेला नव्हता, म्हणून तो त्याला आवडला नाही. "घोरपडीबाई," तो म्हणाला, "तुझं काम पाणी द्यायचं. मुद्दे काढायचं नाही."

दिवस मावळताना घंटा झाली. काफिला शमीखाली बसला होता तो बसूनच राहिला. सांडणी नम्रपणे म्हणाली, "आम्ही काही घेतलेलं नाही. आमच्यावर घंटा लागू होत नाही, नाही का?" कोल्ह्याने रिवाज मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला आणि ते खरे निघाले.

पुढचे काही दिवस असेच गेले. ते बसून असत. बोलत नसत, भांडत नसत, घाण करत नसत. गावकरी म्हणू लागले, किती सभ्य! नुसते बघत असत. गावची शेळीमावशी चुलीशी काय करते ते काफिल्यातली शेळी बघे. गाढवभाऊ मोटेला जुंपून किती पावले मागे सरतो ते काफिल्यातले गाढव बघे. कोल्हा घंटेची दोरी दातात कशी धरतो ते तो दुसरा कोल्हा बघे. आणि ती पांढुरकी घोरपड शमीखालून वेशीकडे बघे.

सर्वांत जास्त बोलणे शेळीमावशीचे होते. तिची खानावळ गावात नावाजलेली. तिने पहिल्या दिवशी बाजरीची खिचडी नेली. कोणी तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी खजूर घालून लापशी केली. तीही तशीच परत.

"अगं, पाहुणे आहेत की मुंजे?" ती वेशीवर येऊन घोरपडीला म्हणाली. "ताटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, पण खात नाहीत! मीठ कमी पडलं म्हणा, जास्त पडलं म्हणा, काहीतरी नावं ठेवा की! नुसतं 'राहू दे' कसलं ते?"

"मावशी, तुला त्यांची भीती नाही वाटत?"

"भीती कसली? अपमान वाटतो."

त्यातच पूर्वेकडून एक नेहमीचा काफिला आला. पुढचा उंट गावाचा जुना ओळखीचा, खाण्याचा शौकीन. तो वेशीपाशी आला, परळभर पाणी प्यायला, आणि आत मान घालून त्याने वास घेतला. मग मान बाहेर काढली. "आज आत नाही येत बाई," तो म्हणाला. "इथूनच मशकी भरून दे."

"का? मावशीने लापशी केली आहे."

"लापशीचा वास येतोय खरा." तो पाय मागे घेत म्हणाला, "पण खाणाऱ्यांचा येत नाही." आणि भर उन्हात तो काफिला तसाच पुढे गेला. त्यानंतर दुसरा आला, त्यानेही तेच केले. मग यायचेच थांबले.

चुलीवरची पातेली भरलेली आणि खाणारे कोणी नाही, अशी वेळ विसाव्यावर प्रथमच आली. शेळीमावशी पातेल्यासमोर उभी राहून, ही लापशी आता वाळूत ओतायची की काय, या विचारात होती. तेव्हा काफिल्यातली शेळी उठून तिच्यापाशी आली. तिने मावशीच्या हातातला डाव हलकेच काढून घेतला.

"तू बस ना," ती म्हणाली.

"मी? मी कशाला बसू?"

"किती वर्षं उभी आहेस? बस. मी वाढते."

मावशीला हसू आले. मग रडू आले. मग ती बसली. त्या शेळीने तिच्यापुढे ताट ठेवले, लापशी वाढली, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, "घे गं थोडी आणखी. पोटभर जेव. घाई नाही कसली."

मुलांनो, हे शब्द मावशीने आयुष्यभर हजारांना ऐकवले होते. तिला ते कोणी ऐकवले नव्हते. ती जेवता जेवता रडत होती आणि रडता रडता जेवत होती, आणि म्हणत होती, "माझ्या हातची लापशी इतकी चांगली असते हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

तिचे पाहून गाढवभाऊ बसला. त्याच्या मोटेला ते दुसरे गाढव लागले होते. ससे बसले, कुत्री बसली, म्हातारा ससा तर ताप नसतानाही आडवा होऊन "पाणी" म्हणाला आणि कोणीतरी ते त्याच्या तोंडात घातले. कोल्हा थोडा वेळ लांब उभा होता. मग त्याने ठरावाच्या आवाजात जाहीर केले, "ज्याला वाढले तो पाहुणा, हा रिवाज परक्यांसाठी आहे. आपण आपल्याच गावात बसलो आहोत. सबब हरकत नाही." आणि तो पंक्तीच्या अग्रभागी जाऊन बसला. नियम ज्याने राखायचा, त्यानेच तो कोणाला लागू नाही हेही सांगितले, म्हणजे गावाचा कायदेशीर सल्ला पूर्ण झाला.

घोरपड वेशीवरून ओरडली, "पंच! मावशी! स्वतःचं स्वतः घ्या! त्यांच्या हातचं घेऊ नका!"

"तू पण ये गं," मावशी तोंडात घास असताना म्हणाली. "एवढं काय धरून बसलीस?"

घोरपड दगडाला आणखी घट्ट चिकटली. दुपारची वेळ होती. दगड तापला होता. पंक्तीतून हसण्याचा आवाज येत होता, पण तो सगळा गावकऱ्यांचा होता. वाढणारे कोणी हसत नव्हते. त्यांचे डाव पातेल्याला लागत होते, तेवढाच आवाज ते करत होते.

तेव्हा ती पांढुरकी घोरपड येऊन तिच्याशेजारी बसली.

"पाठ तापली असेल तुझी," ती म्हणाली.

"मी उठणार नाही."

"उठू नकोस. मी कुठे म्हटलं?" ती मग भिंतीच्या पायाकडे बघत म्हणाली, "वाळू वरून खचली आहे. पाहिलंस? पंगतीच्या येण्याजाण्याने. अंडी वर येतील."

आपल्या घोरपडीने मान वळवली. बसल्या जागेवरून तिला ती बाजू दिसत नव्हती. टेकाडावरची टरफले मात्र स्वच्छ दिसली.

"जाऊन बघून ये," ती दुसरी म्हणाली. "मी आहे इथे. मला येतं हे काम."

घोरपडीने दगड सोडला. गुडघाभर खड्डा झाला होता खरा. कोणाच्या तरी खुराने एका अंड्याचे टोक उघडे पडले होते. तिने पंजांनी वाळू ओढली, थापली, पुन्हा ओढली, पोटाने दाबली. आत काहीतरी अगदी बारीक हलल्यासारखे वाटले. ती वेशीत परत आली तेव्हा तिच्या नाकातोंडात वाळू होती आणि घशाला कोरड पडली होती. ती दुसरी घोरपड तिच्या दगडावर बसली होती. तिच्या हातात परळ होता, काठोकाठ भरलेला.

"दमलीस," ती म्हणाली. "घे."

ती प्यायली. परळ तिचाच होता, पाणी तिच्याच रांजणातले होते, रोजच्यासारखी दुपार होती. शेवटचा घोट घशाखाली उतरत असताना ती दुसरी घोरपड, अगदी तिच्याच सुरात, म्हणाली, "हं. आता सांगा. कुठून आलात?"

घोरपडीने रिकामा परळ खाली ठेवला. "मी? मी इथलीच आहे."

"सगळे तसंच म्हणतात," ती दुसरी म्हणाली. त्यात कुत्सितपणा नव्हता. असलीच तर थोडी कणव होती.

दिवस मावळत आला. घंटा झाली. ती वाजवली काफिल्यातल्या कोल्ह्याने; दोरी त्याला बरोबर दातात धरता आली.

आणि पंक्तीतले सगळे उठले. त्यांना कोणी ढकलले नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. जन्मभर घंटा झाली की पाहुण्यांनी उठायचे हे त्यांनीच पाहिले होते, त्यांनीच करवले होते. पाय आपोआप सरळ झाले. कोल्हा म्हणाला, "एक मिनिट. याबाबत काहीतरी तरतूद असेल." आठवून पाहता नव्हती. ती करणे त्याच्याकडेच होते.

"पण कुठे जायचं?" शेळीमावशीने विचारले.

"पुढे," सांडणी म्हणाली. तिने प्रत्येकाला पाण्याची मशक भरून दिली, खजूर बांधून दिले. पाहुणचारात तिने काही कमी केले नाही. "सुरुवातीला त्रास होतो. तहान लागते. पाणी संपतं, तरी लागत राहते. मग एक दिवस जाते. मग बरं वाटतं."

"तुम्हाला कसं माहीत?" गाढवभाऊने विचारले.

सांडणीने शमीकडे पाहिले. "आमच्या गावात चिंचेचं झाड होतं," ती म्हणाली. "तिथेही एकदा एक काफिला आला होता. फार सभ्य मंडळी. आम्हाला म्हणाले, तुम्ही बसा."

मग ती वेशीपर्यंत पोचवायला आली आणि विसाव्याची मंडळी पाहुण्यांना म्हणत तसेच, मान थोडी झुकवून म्हणाली, "पुन्हा या."

ओळीने सगळे बाहेर पडले. पुढे कोल्हा होता, मागे गाढवभाऊ, ससे. शेळीमावशीच्या तोंडात तिचा डाव होता. निघताना तेवढा तिने परत घेतला होता. उत्तरेकडे रण संध्याकाळच्या उजेडात पांढरे दिसत होते. त्यांच्या बोलण्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मावशी कोणाला तरी विचारत होती, पुढचं गाव कसं आहे, तिथे स्वयंपाकाला कोणी आहे का.

एक घोरपड मात्र गेली नाही. उंबऱ्यापाशी येताच तिने चारी पंजे वेशीच्या बाहेरच्या दगडात रोवले. पाहुण्याला हात लावून हाकलायचे नाही, हा गावचाच रिवाज होता आणि नवीन मंडळी रिवाजाला जुन्यांपेक्षा पक्की निघाली. ती ना आत, ना गेलेली. अशा जागी बसून तिने अर्ज केला.

"मी पाहुणी नाही. मी वेशीवरची घोरपड. फसवून पाणी पाजलं. माझी अंडी आत आहेत. मला आत घ्या."

सांडणीने शांतपणे ऐकून घेतले. "पाणी प्यायलीस हे खरं?"

"खरं."

"कोणाच्या हातून?"

घोरपडीने पंजे दगडात आणखी रोवले.

"अर्ज विचारात घेऊ," सांडणी म्हणाली.

तो विचारात घेतला गेला. घोरपड रोज विचारी, रोज उत्तर येई, "चालू आहे." बाहेरच्या दगडावर पहाटे चार थेंब दव पडे, ते ती चाटी. रांजण उंबऱ्याच्या आत होता, हातभर अंतरावर. रोज दुपारी ती पांढुरकी घोरपड परळ भरून बाहेर धरी आणि म्हणे, "घे. तहान लागली असेल."

इथे एक अडचण होती. परळातले प्यावे तर ती पाहुणी ठरणार, आणि पाहुण्याला घंटेला निघावे लागणार. 'तहान नाही' म्हणावे तर ती रणातल्यांपैकी एक ठरणार, आणि त्यांचे काय होते ते तिने पाहिले होते. म्हणून ती रोज एकच उत्तर देई: "तहान आहे. फार आहे. पण माझी मी घेईन. रांजणापर्यंत येऊ द्या."

"ते माझ्या हातात नाही," ती दुसरी म्हणे आणि परळ आत नेई. पाणी पुन्हा रांजणात ओतल्याचा आवाज येई.

हळूहळू काफिले पुन्हा येऊ लागले. वास घेत, थोडे घुटमळत, पण येऊ लागले. दुसरी जागा नव्हतीच. त्यांना पाणी मिळे, जेवण मिळे, आग्रह होई. व्यवस्था पूर्वीपेक्षा चांगली आहे असेच बहुतेकांचे म्हणणे पडले. बाहेरच्या दगडाला चिकटलेल्या घोरपडीकडे बघून एखादा उंट विचारी, "ही कोण?" आतून उत्तर मिळे, "प्रकरण चालू आहे."

एका दुपारी ती पांढुरकी घोरपड परळ घेऊन आली, पण नेहमीचे वाक्य बोलली नाही.

"फुटायला लागलीत," ती म्हणाली.

दगडावर पोट टेकून असलेल्या घोरपडीला ते आधीच कळले होते. सकाळपासून वाळूच्या आतून, भिंतीतून, दगडातून, नखांनी कागद खरवडावा तसे काहीतरी येत होते.

"हे पी," ती दुसरी खालच्या आवाजात म्हणाली. "पाहुणी म्हणून तुला आत येता येईल, कोणी अडवणार नाही. घंटेपर्यंत त्यांच्याजवळ बस. मग जा. इतकं मी करू शकते."

परळात पाणी थरथरत होते. त्यात आकाश होते. घोरपडीने जीभ बाहेर काढली, पाण्याचा गारवा जिभेला लागला. घंटेला अजून बराच वेळ होता. घंटेपर्यंत पिल्ले वर येतील, डोळे उघडतील, तिला पाहतील. मग घंटा होईल. मग ती रणात चालेल, तहान लागेल, आणि एक दिवस ती तहानही जाईल; आणि त्यानंतर कधीतरी भर दुपारी ती कोणाच्या तरी वेशीत येऊन भिंतीच्या पायाशी वाळू हुंगेल.

तिने जीभ आत घेतली.

"तुझी किती होती?" तिने विचारले.

पांढुरक्या घोरपडीने परळ मागे घेतला. थोडे पाणी उंबऱ्यावर सांडले आणि लगेच सुकले. "माझीही भिंतीतच होती," ती म्हणाली. "मी प्यायले."

 आतून खरवडणे चालू होते.

"एक कर," घोरपड म्हणाली. "ती वर आली की त्यांना कोणी हाताने काही देऊ नका. तहानेने ओरडली तरी देऊ नका. रांजणापाशी नुसतं सोडा. त्यांचं त्यांना घेऊ दे. म्हणजे ती इथली राहतील."

"आणि तू?"

"माझा अर्ज आहे ना."

पांढुरक्या घोरपडीने परळ उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ठेवला. रोजच्यासारखा तिने तो रांजणात ओतला नाही. "वर विचारते," ती म्हणाली आणि भिंतीच्या पायाकडे गेली. तिच्या चालण्यात घाई होती, जी त्या गावात कित्येक दिवसांत कोणी पाहिली नव्हती. थोड्या वेळाने पावलांचा आवाज आला, अगदी लहान, अडखळणाऱ्या. मग कोणीतरी परळाच्या काठावर चढू बघत आहे, घसरत आहे, पुन्हा चढत आहे असे वाटले. मग चटचट पाणी पिण्याचा आवाज. त्यांना कोणी दिले नव्हते. ती आपली आपण पीत होती.

बाहेरच्या दगडावरून परळाचा फक्त काठ दिसत होता. घोरपडीने मान शक्य तितकी लांब केली. तहान शाबूत होती.

सदर घोरपड वरील ठिकाणी अद्याप बसून आहे. तिच्या अर्जावर निर्णय झालेला नाही. पिल्लांना पाणी हाताने न देण्याबाबतची विनंती वर पाठवली असून उत्तर आलेले नाही. तोवर ती पाळली जात आहे.

तात्पर्य : जो आपल्या हातचे घोटभर पाणीही घेत नाही आणि आपल्याला मात्र बसवून पोटभर वाढतो, तो आपल्या दारात काय मागायला आला आहे, हे ताटावर बसण्यापूर्वी विचारावे. बाकी, अर्ज प्रलंबित आहे.